दुसऱ्या पगाराचं कलम

अंधेरीच्या एमआयडीसीत आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार बोरिवलीत क्लासमध्ये शिकवणं, अशी ओढाताण करणारे माझ्यासारखे उपनगरांत पुष्कळ आहेत. दुसऱ्या कामाचे पैसे खात्यात कधी येतात हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यांवरचा कर कोणत्या कलमाखाली कापला गेला, हे मात्र फार थोडे बघतात. ते बघायची सवय लागावी, म्हणून हा अनुभव सांगतो.

२०२३ च्या एप्रिलपासून मी त्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागलो. कंपनीची लेखी परवानगी आधीच घेतली होती. नेमणूकपत्रात महिना पंचवीस हजार पगार, ठरलेल्या वेळा, हजेरी, रजेचे नियम, असं सगळं नोकरीचंच होतं. पहिल्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र मालकाला ३१ जुलैपर्यंत भरावं लागतं, म्हणून ऑगस्टमध्ये मी आयकराच्या पोर्टलवरून २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता, उघडला. क्लासच्या नावासमोर कलम होतं १९४जे. म्हणजे हा पगार नाही, व्यावसायिक शुल्क आहे, असं सरकारदरबारी नोंदलं गेलं होतं आणि दहा टक्के कापले होते. पगाराचं कलम १९२.

क्लासचे हिशेबनीस म्हणाले, "सर, कर कापला जातोय ना? सगळ्या शिक्षकांचा असाच कापतो."

फरक पडतो, आणि बराच पडतो. तेव्हा कलम १९२ असेल तर फॉर्म १६ मिळायचा, १९४जे असेल तर १६ए. व्यावसायिक उत्पन्न दाखवायचं तर साधा आयटीआर-१ चालत नाही. विवरणपत्रात तुम्ही पगार लिहिला आणि २६एएस शुल्क म्हणत असला, तर विसंगतीची विचारणा येऊ शकते. बँकेत गृहकर्ज मागायला गेलात, तर या रकमेपुरते तुम्ही नोकरदार ठरत नाही. जो तरुण शिक्षक केवळ क्लासच्या पगारावर घर चालवतो, त्याचं यात फार नुकसान होतं. मला सर्वांत जास्त राग येतो तो याचाच.

अर्थात काही शिक्षक खरोखरच तासावर येतात, चार क्लासमध्ये शिकवतात, स्वतःची वेळ स्वतः ठरवतात. त्यांच्यासाठी १९४जे बरोबरच आहे. वेळ कोण ठरवतं, रजा कोण मंजूर करतं, काम कसं करायचं हे कोण सांगतं, यावरून नातं मालक-नोकराचं आहे का ते कळतं. हुद्दा 'व्हिजिटिंग' असल्यानं काही सिद्ध होत नाही.

तोंडी सांगून काम होईना, तेव्हा मी ईमेल केला. त्यात पॅन, तिमाही, दर महिन्याची रक्कम आणि कपात, २६एएसमध्ये दिसणारं कलम आणि असायला हवं ते कलम एवढंच लिहिलं आणि नेमणूकपत्र जोडलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, २६एएसमधली नोंद आपल्याला बदलता येत नाही. पोर्टलवरच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात 'माहिती चुकीची' असा अभिप्राय देता येतो, पण मूळ नोंद कर कापणाऱ्यानं दुरुस्ती विवरणपत्र भरल्यावरच सुधारते. आमच्या बाबतीत रकमा शुल्काच्या २६क्यू विवरणपत्रातून काढून पगाराच्या २४क्यूमध्ये न्यायच्या होत्या. हिशेबनिसांना ते किचकट वाटत होतं, पण लेखी मागणी समोर आल्यावर त्यांनी ते केलं.

आणि इथेच दुसरा खड्डा आहे. कलम सुधारलं आणि क्लासनं कर कापणंच थांबवलं. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता. वर्षाचे तीन लाख, त्यातून पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, उरले अडीच लाख, कर शून्य. पण हीच वजावट आणि पहिल्या तीन लाखांवरची माफी कंपनीनंही धरलेली असते. त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीचे दर घेऊन उदाहरण पाहा. कंपनीचा पगार ८,४०,००० असेल, तर ती उपकरासह ३५,३६० रुपये कापेल. दोन्ही पगार मिळून ११,४०,००० होतात आणि त्यांवरचा कर ७६,४४०. मधले ४१,०८० रुपये कोणीच कापत नाही. जुलैमध्ये विवरणपत्र भरताना ते एकदम समोर येतात, शिवाय कलम २३४बी आणि २३४सीचं व्याज.

यावर तेव्हाचा उपाय फॉर्म १२बी. एकाच वेळी दोन नोकऱ्या असतील, तर एका नोकरीचा पगार आणि कपात या फॉर्मवर दुसऱ्या मालकाला कळवता येते, मग तो एकत्रित पगारावर कर कापतो. कोणाला कळवायचं ते आपण ठरवायचं. मी कंपनीला दिला, कारण तिथला पगार मोठा आणि लेखाविभाग जाणता. क्लासचा आकडा कंपनीला कळू द्यायचा नसेल, तर आगाऊ कर स्वतः भरा. टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा अधिक कर उरत असेल, तर तो बंधनकारकच असतो. हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला.

एखाद्या मालकानं कर कापला पण भरलाच नाही, तर पगाराच्या पावत्या जपून ठेवा. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, असं १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ सांगतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे मालकाला पत्र लिहिताना ज्या वर्षाची कपात, त्या वर्षी लागू असलेलं कलम लिहा, आणि वर्ष संपायची वाट न पाहता पहिल्या तिमाहीची नोंद दिसताच लिहा.