डिझेल गाडीला जादा पंप आणि फिल्टर: आधी तपासणी, मग खर्च

गेल्या पावसाळ्यात आमची सहाचाकी पुण्याहून माल भरून कोल्हापूरला निघाली आणि खंबाटकीच्या चढाला दमली. सपाटीला ठीक चालत होती, घाटात मात्र खालच्या गिअरमध्येही ताकद नाही आणि इंजिनचा दिवा लागलेला. ड्रायव्हरचा फोन आला, "मालक, गाडी ओढंना. डिझेलच वर येत नाय वाटतं." वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. रेलचा दाब कमी दाखवतोय, हाय प्रेशर पंप गेलाय, असं सांगून त्यानं ८५ हजारांचा आकडा दिला. दुसऱ्या मिस्त्रीनं त्याआधी टाकीतला सक्शन पाइप उपसून बघितला. टोकाच्या जाळीवर गंज आणि काळपट, चिकट गाळ बसला होता. शिवाय चॅसीला घासून रबरी नळीला चीर गेली होती आणि तिथून हवा आत जात होती. टाकी धुणं, नवी नळी, दोन्ही फिल्टर आणि मजुरी धरून ६,४०० रुपयांत गाडी मार्गी लागली.

त्यानंतर मी जादा फिल्टर बसवला आणि पुढे पंपही. पण विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच गोष्ट सांगतो. चोंदलेल्या जाळीवर आणि फुटक्या नळीवर नवा पंप बसवलात, तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

दोन तपासण्या जवळजवळ फुकटात होतात. टाकीच्या तळाचा ड्रेन बोल्ट थोडा सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी पाण्याचा थर किंवा गाळ दिसला तर दुखणं टाकीत आहे. दुसरी तपासणी: टाकी ते फीड पंप या नळीत हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे पळताना दिसले तर गाडी एअर घेते आहे. मग क्लिपा, वॉशर, बॅन्जो बोल्ट एकेक करून तपासायचे. यावर हजार रुपयांच्या वर खर्च होऊ नये.

आता फिल्टर. पैसे मोजके असतील तर सगळे आधी इथेच घाला. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्या पुष्कळ सोसायच्या. कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबानं नोझलमध्ये जातं आणि आतले भाग मायक्रॉनच्या हिशेबानं घासून बसवलेले असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इथे पाच मायक्रॉनचा कणही खरवडून जातो. शिवाय बहुतेक हाय प्रेशर पंपांच्या आतल्या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. डिझेलबरोबर पाणी आलं की ते वंगण तुटतं.

म्हणून टाकी आणि इंजिनच्या मूळ फिल्टरच्या मध्ये पाणी वेगळं करणारा, खाली वाटी आणि ड्रेन असलेला सेपरेटर बसवायचा. पुणे-साताऱ्याच्या बाजारात मी विचारलं तेव्हा साधा, नकली माल २,००० ते ३,५०० रुपयांना होता. नावाजलेल्या कंपनीचा, हातपंपासह, ६,००० ते १२,००० रुपयांना. मी दुसरा घेतला. नकली फिल्टरचा कागद पाण्यानं फुगून फाटतो, आणि त्याचे तंतू थेट पुढे जातात. सक्शनच्या बाजूला १० ते ३० मायक्रॉनचं एलिमेंट पुरे. तिथे दोन मायक्रॉनचं घातलं तर पंपाला ओढणं जड जातं आणि घाटात गाडी पुन्हा दमते. बारीक गाळणी हे इंजिनवरच्या मूळ फिल्टरचं काम. नळी डिझेलसाठीचीच घ्या, मीटरला २०० ते ४०० रुपये. पाण्याची किंवा हवेची नळी आतून सुटते. ब्रॅकेट आणि फिटिंगला हजारभर, मजुरी दीड ते अडीच हजार. वाटी सायलेन्सरपासून लांब आणि चाकाचे खडे लागणार नाहीत अशा जागी हवी.

पंपाची गरज सगळ्यांना नसते. टाकी इंजिनापासून लांब आहे, दोन टाक्या आहेत, किंवा जादा फिल्टर बसवल्यावर पूर्ण लोडवर फीडचा दाब इंजिनच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याच्या खाली जातो, तरच पंप लावा. गेज लावून हे मोजायला डिझेल पंपाचा मिस्त्री ५०० ते ८०० रुपये घेतो. मी मोजलं, दाब कमी आला, म्हणून लावला.

इथे क्षमतेचा हिशेब नीट करा. १८० एचपीचं इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला साधारण ३३ लिटर जाळतं. पण नोझल आणि पंप थंड ठेवायला त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरून रिटर्ननं टाकीत येतं. १,२०० ते २,५०० रुपयांच्या चौकोनी पंपावर ताशी १०० लिटर लिहिलेलं असतं. ते मोकळ्या नळीवरचं. फिल्टर पुढे आला की ते बरंच घसरतं. सतत चालायला बनवलेला २४ व्होल्टचा चांगला पंप ६,००० ते ११,००० रुपयांना येतो. उलट, फार जोराचा पंपही नको. हाय प्रेशर पंपाच्या इनलेटला ठरलेल्या मर्यादेच्या वर दाब गेला तर त्याची सील जाते.

वायरिंगला लोक कंजुषी करतात, तीच सगळ्यात महाग पडते. १२ व्होल्टचा पंप स्वस्त मिळाला म्हणून २४ व्होल्टच्या गाडीत दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडला, तर ती बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहते आणि जोडी लवकर बदलावी लागते. रिले, बॅटरीजवळ फ्यूज, आणि ऑइल प्रेशर स्विचमधून कनेक्शन असा संच १,००० ते १,८०० रुपयांत होतो. इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबलाच पाहिजे. अपघातात गाडी उलटली, नळी तुटली आणि पंप डिझेल फेकत राहिला, तर आत अडकलेल्या ड्रायव्हरचं काय होईल, ते मनात आणा आणि हा खर्च टाळू नका. शिवाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून बायपास ठेवा, सातआठशे रुपयांत होतो. इलेक्ट्रिक पंप मेला तरी मूळ फीड पंपाला डिझेल ओढता आलं पाहिजे, नाहीतर गाडी रस्त्यातच उभी.

१ एप्रिल २०२० पासूनची बीएस-६ गाडी वॉरंटीत असेल तर डिझेलची नळी कापू नका. डीलरकडून लेखी होकार घ्या किंवा कंपनीचाच मंजूर सेपरेटर बसवून घ्या. वॉरंटी नाकारली आणि चार इंजेक्टर गेले, तर नव्याला प्रत्येकी १५ ते ३० हजार मोजावे लागतात.

माझं बिल असं झालं: सेपरेटर ७,८००, पंप ८,२००, नळी आणि फिटिंग २,१००, वायरिंग १,४००, बायपास ७५०, मजुरी ३,०००. एकूण २३,२५०. नुसता सेपरेटर बसवला असता तर बारा हजारांच्या आसपास काम झालं असतं. वर्षाला आमची गाडी ८० हजार किलोमीटर पळते. दर २० हजाराला एलिमेंट बदलायचं, म्हणजे चार वेळा, प्रत्येकी हजारभर. दुकानदाराकडून पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या आणि एक जादा एलिमेंट केबिनमध्ये ठेवा.

आमचा ड्रायव्हर आता रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, वाटीखालचा नळ दोन सेकंद उघडतो आणि जुन्या बाटलीत डिझेल घेऊन उजेडात धरतो. श्रावणात एकदा त्यात दोन बोटं पाणी निघालं. ज्या पेट्रोल पंपावर ते डिझेल भरलं होतं, तिथे तो त्या दिवसापासून टाकी भरत नाही.