बावन्न सालची निवडणूक पेपरात कशी दिसली?

मागच्या अंकात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा ओझरता उल्लेख आला आणि परभणी जिल्ह्यातून पत्रांचा ढीग जमला. बहुतेकांची शंका एकाच मुद्द्याभोवती फिरते: त्या वेळच्या वृत्तपत्रांवर कितपत विश्वास ठेवायचा? जागेअभावी पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वडील सांगत, की तेव्हाचे पेपर कुणाची बाजू घेत नसत. आता मात्र सगळा बाजार झाला आहे. हे खरे का? (निवृत्त शिक्षक, पाथरी)

उत्तर : गुरुजी, वडिलांच्या सांगण्यातले निम्मे खरे आहे. बाजार तेव्हा कमी होता; बाजू मात्र होती, आणि ती असणे स्वाभाविक होते.

आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली आणि साडेतीन वर्षांच्या आत इथल्या माणसाने मत दिले. त्याआधीचे छापील जग कसे होते ते आठवा. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये हैदराबादेत ‘मराठवाडा’ काढला आणि निजाम सरकारच्या बंदीशी झगडतच तो चालवला. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत, ऑगस्ट 1948 मध्ये त्यांची हैदराबादेत हत्या झाली. ज्या पत्रकारितेने अशी किंमत मोजली, ती निवडणूक आली म्हणून एकाएकी तराजू हातात घेऊन मधोमध बसेल, ही अपेक्षाच चुकीची. स्वातंत्र्यलढ्यातल्या सोबत्यांकडे तिचा ओढा राहणारच.

उघड बाजू घेणे हा गुन्हा नव्हे. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ 1956 मध्ये निघाला तोच संयुक्त महाराष्ट्रासाठी. 1957 च्या निवडणुकीत तो कुणाचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत होते. वाचक तेवढे मीठ बाजूला काढून वाचत असे. बाजू लपवून ‘आम्ही कुणाचेच नाही’ असे भासवले, की वाचकाची फसगत सुरू होते.

प्रश्न : प्रकल्पासाठी वाचताना कळले, की पहिल्या निवडणुकीत ‘अडाणीपणामुळे’ 28 लाख बायकांची नावे यादीतून गेली. आमच्या बाई म्हणाल्या, हे वाक्यच पक्षपाती आहे. ते कसे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सेलू)

उत्तर : तुझ्या बाईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवले आहे. घडले ते असे. यादी करायला आलेल्या माणसाला पुष्कळ बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असेच सांगितले. नावाशिवाय मतदार नोंदवता येणार नाही, अशी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांची भूमिका होती. सुमारे 28 लाख नावे वगळली गेली. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतला, हेही टिपून ठेव.

आता याच घटनेचे तीन मथळे करू.

‘अडाणीपणामुळे 28 लाख स्त्रिया मताला मुकल्या.’
‘आयोगाने 28 लाख स्त्रियांची नावे वगळली.’
‘आठ कोटी स्त्रियांपैकी शेकडा शहाण्णवांची नावे यादीत.’

आकडा कुठेच खोटा नाही. स्त्री मतदार आठ कोटींच्या आसपास होत्या, म्हणजे वगळलेल्या शेकडा साडेतीन. पहिल्या मथळ्यात दोष बाईचा, दुसऱ्यात आयोगाचा, आणि तिसऱ्यात दोषच नाहीसा होऊन कौतुक उरते. ‘अडाणीपणामुळे’ हा शब्द तर घटनेतला नव्हेच, तो लिहिणाऱ्याचा निवाडा आहे. परक्या पुरुषाला नाव न सांगणे ही घराची रीत होती. तिचा शाळेत जाण्या-न जाण्याशी संबंध असेलच असे नाही. प्रकल्पात हे तिन्ही मथळे एकाखाली एक लिही. वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

प्रश्न : देशभर काँग्रेसची लाट असताना परभणीने शेकापचा खासदार कसा पाठवला? पेपरवाल्यांना हे दिसले नव्हते का? (वकील, गंगाखेड)

उत्तर : वकीलसाहेब, आधी ‘लाट’ या शब्दाचीच उलटतपासणी करू. 489 पैकी 364 जागा काँग्रेसला मिळाल्या, म्हणजे शंभरात चौऱ्याहत्तर. मते मात्र शंभरात पंचेचाळीस. दर शंभर मतदारांतले पंचावन्न जण दुसऱ्या कुणाला तरी मत देऊन आले होते. ही मते अनेक पक्षांत आणि अपक्षांत विखुरली, म्हणून जागांत उतरली नाहीत. पहिल्या पानावर जागांचा आकडा येतो, मतांचा आकडा आत कुठेतरी. इथे कुणी खोटे बोललेले नसते, तरी वाचकाच्या मनात ‘अख्खा देश एका बाजूला’ असे चित्र तयार होते.

परभणीने शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना लोकसभेत पाठवले. (वर आलेले ‘मराठवाडा’चे वाघमारे वेगळे.) याच हैदराबाद राज्यात नलगोंड्याहून कम्युनिस्ट नेते रवी नारायण रेड्डी यांनी खुद्द पंडित नेहरूंपेक्षा जास्त मते घेतली. जमिनीचा, कुळाचा, धान्याच्या लेव्हीचा प्रश्न खेड्यात धगधगत होता. राजधानीत बसून देश पाहणाऱ्याला नेत्यांच्या सभा दिसतात, बांधावरची कुजबुज ऐकू येत नाही.

मोठा पक्षपात पक्षापक्षांतला नव्हताच, तो मतदाराविषयी होता. मद्रासच्या एका संपादकाने या सगळ्या खटाटोपाला इतिहासातला सर्वांत मोठा जुगार ठरवले. ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकाने तर भाकीत केले, की प्रौढ मताधिकार फसल्याची कबुली नेहरूंनाच द्यावी लागेल. हैदराबाद राज्यात तेव्हा दहातल्या नऊ जणांना वाचता येत नव्हते. अशा माणसाला मत कळणार नाही, हे शिकलेल्यांनी गृहीतच धरले होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह, ही शहाणपणाची सोय गमतीचा विषय झाली. मतपेट्यांतून नाणी आणि चिठ्ठ्या निघाल्याचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. त्याच पेट्यांतून नारायणराव वाघमारे निघाले, हे मात्र किस्सा म्हणून कुणी सांगत नाही. पेपर न वाचणाऱ्या मतदाराने पेपरातल्या लाटेपेक्षा वेगळा कौल दिला, यातच त्या गृहीतकाचे उत्तर आहे.

प्रश्न : रेडिओ तरी निःपक्षपाती होता ना? (दुकानदार, मानवत)

उत्तर : ऑल इंडिया रेडिओवर पक्षांच्या प्रचाराला बंदी होती, मतदान कसे करायचे याची माहिती तेवढी दिली जाई. ऐकायला हे समान वाटते. पण रेडिओ सरकारी, आणि पंतप्रधानच सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रचारक. सरकारच्या बातम्या लागल्या की नेते आपोआप कानावर पडणार. विरोधकाला तेवढीही वाट नव्हती. कम्युनिस्टांचा प्रचार तर मॉस्को रेडिओने ताश्कंदमार्गे ऐकवला. राष्ट्रीय पक्षांना आकाशवाणीवर हक्काची वेळ मिळाली ती थेट 1977 च्या निवडणुकीत. समान बंदी म्हणजे समान संधी नव्हे, एवढे लक्षात ठेवा.

प्रश्न : झाले गेले. आज आम्ही साध्या वाचकांनी काय करावे? (गृहिणी, परभणी)

उत्तर : ताई, बातमी वाचून झाली की चार गोष्टी बघा. ती कोणत्या पानावर, किती जागेत आली? विशेषणे कुणाच्या वाट्याला गेली? समोरच्या बाजूचे एक तरी वाक्य आहे का? आणि जी बातमी यायला हवी होती ती आलीच नाही, असे काही आहे का? चौथा प्रश्न सर्वांत अवघड. त्यासाठी एकाऐवजी दोन पेपर चाळावे लागतात.

दोन पेपर शेजारी ठेवण्याचा फायदा आपल्या राज्याने पाहिला आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराच्या स्तुतीचा तोच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत, वेगवेगळ्या नावांखाली शब्दशः छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी गेला. असा मजकूर सापडला तर कात्रण तारखेसह जपा आणि निवडणूक काळात जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार करा. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. पैसे देऊन छापल्याचे ठरले, तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो.

शेवटी सगळ्यांनाच एक विनंती. जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या ट्रंकांत 1951-52 चे अंक, प्रचाराची पत्रके, मतदार यादीचे तुकडे अजून सापडू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला घालू नका. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या आणि पोच घ्या. आपल्या गावाने पहिले मत कसे दिले, हे बाहेरच्याने लिहिलेल्या बातमीवरून किती दिवस वाचायचे?