फूटपाथच्या कडेवरचा स्मिथ ग्राइंड: पैसे कुठे घालायचे?

माझ्या भाच्याला पहिला स्केटबोर्ड आम्ही खेळण्यांच्या दुकानातून घेऊन दिला. चौदाशे रुपयांचा, वर झगमगीत चित्र, चाकांत दिवे. तळेगावच्या आमच्या सोसायटीत त्याने फूटपाथच्या कडेवर तो तिसऱ्यांदा घासला आणि पुढचा ट्रक मधोमध तडकला. उचलून पाहिलं तर आत सगळं प्लॅस्टिक. दोष पोराचा नव्हता, आमच्या खरेदीचा होता. असाच हट्ट तुमच्याही घरात सुरू असेल तर दुकानात जाण्याआधी हा हिशेब वाचा.

ग्राइंड म्हणजे बोर्डाखालच्या धातूच्या दांड्यावर, ट्रकवर, कडेवरून घसरत जाणं. चाकं टेकत नाहीत, ट्रक घासतो. दोन्ही ट्रक कडेवर ठेवले की फिफ्टी-फिफ्टी. कॅलिफोर्नियाच्या माइक स्मिथच्या नावाने ओळखला जाणारा स्मिथ ग्राइंड त्याहून कठीण. त्यात फक्त मागचा ट्रक कडेवर असतो आणि पुढचा कडेच्या बाहेर, खाली लोंबतो. सगळं वजन मागच्या पायावर, पुढचा पाय जवळजवळ सरळ, आणि त्या पायाने बोर्डाचं नाक खाली आणि बाहेर दाबून धरायचं. पाय जरा ढिला पडला की फिफ्टी-फिफ्टी होतो, जास्त दाबला की पुढची चाकं रस्त्याला लागून माणूस तोंडावर येतो.

ही सगळी कसरत आहे म्हणून ट्रकवर कंजुषी करू नका. ट्रक धातूचाच हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चांगल्या जोडीला साधारण ४,००० ते ६,५०० रुपये पडतात आणि ती वर्षानुवर्षं टिकते. फळी, म्हणजे डेक, सात थरांच्या मेपल लाकडाची, आठ ते सव्वाआठ इंच रुंद घ्या. ३,५०० ते ५,५००. ट्रकची रुंदी डेकइतकीच असावी, हे दुकानदाराला आवर्जून विचारा. चाकं ५४ मिलिमीटरच्या आसपासची, कडक. २,५०० ते ४,०००. वरचा खरखरीत ग्रिप कागद आणि नटबोल्ट मिळून ६०० ते १,१००.

बेअरिंगच्या बाबतीत आपल्या भागातल्या लोकांचं नशीब चांगलं. स्केटबोर्डाला लागणारी ६०८ नंबरची बेअरिंग विजेच्या लहान मोटारींत आणि यंत्रांतही वापरतात. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. तळेगाव, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीजवळच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जाऊन ‘सहाशे आठ, आठ नग’ म्हणा. चाळीस-साठ रुपयांना एक मिळते. ‘स्केटबोर्ड स्पेशल’ असं छापलेल्या डब्यासाठी दोन हजार मोजायची शिकाऊ माणसाला काहीच गरज नाही.

म्हणजे बोर्ड ११ ते साडेसतरा हजारांच्या घरात गेला. आकडा मोठा वाटतो, मान्य. पाच-सहा हजारांत तयार जोडलेला बोर्डही मिळतो आणि सुरुवातीचे तीन-चार महिने तो चालतो. फक्त घेण्याआधी ट्रकवर चावी किंवा नाणं वाजवून बघा, आवाज धातूचा आला पाहिजे.

हेल्मेट, गुडघ्याचे आणि मनगटाचे गार्ड मिळून २,२०० ते ४,००० लागतात. या खेळात पडताना हात आधी टेकतो, त्यामुळे मनगटाचे गार्ड हेल्मेटइतकेच महत्त्वाचे. मनगट मोडलं तर एक्स-रे, प्लॅस्टर आणि पुढच्या फेऱ्या धरून गार्डच्या कितीतरी पट पैसे जातात, शिवाय सहा आठवडे खेळ बंद.

आता कड. लोणावळ्यात किंवा वडगाव, कामशेतला जुन्या हायवेच्या दुभाजकावर कोणी पोर बोर्ड घेऊन गेलेलं दिसलं तर त्याला तिथून हाकलाच. भुशी डॅमच्या रस्त्यावरही शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी असते, तिथे सराव नको. नगर परिषदेच्या फूटपाथची कड झिजवणंही बरोबर नाही, रंग आणि सिमेंट दोन्ही उडतं. स्वतःची कड करून घ्या, ती स्वस्तात होते.

ठेकेदार ज्याला कर्बस्टोन म्हणतात तो काँक्रीटचा ठोकळा सिमेंटच्या जाळ्या आणि पेव्हर ब्लॉक विकणाऱ्या यार्डात मिळतो. अर्धा मीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड, वरची कड तासलेली नसलेला घ्या. तासलेल्या कडेवर ट्रक घसरून खाली येतो. एकाला २५० ते ३५० रुपये. तीन ठोकळे घ्या, आडवे झोपवून एका रांगेत लावा, दीड मीटरची, सहा इंच उंच कड तयार. स्मिथला पुढची चाकं खाली लोंबतात, त्यामुळे सहा इंचांहून बुटकी कड उपयोगाची नाही. एक ठोकळा साधारण ५४ किलोचा असतो. एकट्याने उचलू नका, पण याच वजनामुळे तो धडकेने जागचा हलत नाही. टेम्पोभाडं ६०० ते ८०० धरा. परवडत असेल तर फॅब्रिकेटरकडून ४० बाय ४० बाय ५ चा लोखंडी अँगल कापून कडेवर बसवून घ्या. मीटरला तीन किलो, म्हणजे साडेचार किलो लोखंड आणि वर मजुरी. सहा-सातशेत काम होतं. स्क्रूची डोकी आत बुडलेलीच हवीत, नाहीतर ट्रक अडकतो.

अँगल नसेल तर काँक्रीट आधी गुळगुळीत करावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातला घासायचा दगड घ्या आणि कडेवरची बारीक टोकं जातील तोवर घासा. बोट फिरवून बघा, कुठे टोचलं तर तिथे पुन्हा घासा. मग दहा-वीस रुपयांची साधी पांढरी मेणबत्ती आडवी धरून दाबून चोळा, वरून आणि पुढून, दोन्ही अंगांनी. पहिल्या दिवशी मेण काँक्रीटच्या भोकांत शिरतं आणि काहीच फरक वाटत नाही. चार-पाच दिवसांत कड काळपट चकाकायला लागते आणि ‘खर्र’ असा अडखळता आवाज जाऊन ‘स्सर्र’ असा सलग येतो. तो आवाज आला की समजा कड तयार झाली. एका दमात खूप मेण मात्र लावू नका, बोर्ड पायाखालून निसटतो.

सरावाचा क्रम चुकवू नका. आधी ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी. मग फिफ्टी-फिफ्टी डोळे मिटून जमेल इतका. मग फक्त मागच्या ट्रकवर, नाक वर उचलून फाइव्ह-ओ. त्यानंतर स्मिथ. क्लास लावायचा असेल तर फी देण्याआधी एकच प्रश्न विचारा: इथे स्केटबोर्ड शिकवता की चाकांचे बूट? आपल्याकडे ‘स्केटिंग क्लास’ म्हणजे बहुतेक ठिकाणी चाकांचे बूटच असतात आणि त्यात ग्राइंड शिकवत नाहीत. तयार स्केटपार्क बघायचा असेल तर नवी मुंबईत नेरुळला आहे, सुट्टीत एक फेरी करा.

हा खेळ आपल्या मुलांचा नाही असं वाटणाऱ्या आई-वडिलांना एकच सांगते. २०२१ मध्ये टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यातल्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, आणि स्ट्रीट म्हणजे कडा, कठडे आणि पायऱ्यांचाच खेळ.

एकूण हिशेब: बोर्ड, गार्ड आणि स्वतःची कड मिळून १५ ते २४ हजार. कडेचे दोन-अडीच हजार चार-पाच घरांनी वाटून घेतले तर प्रत्येकी पाचशे-सहाशेच. दुरुस्तीत बुटांचा खर्च मोठा. कापडी बूट ऑलीने दोन महिन्यांत फाटतात, स्वेडचे घ्या. ठोकळे ठेवायला सोसायटीच्या अध्यक्षांची लेखी परवानगी घ्या आणि सरावाच्या वेळा ठरवून द्या, दुपारी दोन ते चार नको. अध्यक्षांनाही विनंती आहे, पार्किंगचा एक रिकामा कोपरा मुलांना द्या.

जून ते सप्टेंबर काहीही खरेदी करू नका. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, कडेवर शेवाळ धरतं, बेअरिंग गंजतात आणि लाकडाचे थर सुटतात. दसऱ्याच्या सुमारास सुरुवात करा, मेअखेरपर्यंत आठ महिने कोरडे मिळतात.