सीमारेषा आणि निवारा

लोकशाहीत प्रत्येक मताचे मोल समान असावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु जेथे वस्ती विरळ आणि अंतरे प्रचंड असतात, तेथे केवळ डोकी मोजून न्याय होतो का? कॅनडाच्या उत्तर टोकाकडील नुनावुत या प्रदेशाच्या उदाहरणावरून प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रदेश आणि शासनपद्धती

१ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रशासकीय प्रदेश अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून अधिक आहे. मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या अवघी ३६,८५८ होती. त्यांपैकी बहुसंख्य लोक इनुइट या मूळनिवासी समाजाचे आहेत. सुमारे २५ वस्त्यांत हे लोक राहतात. या वस्त्यांना परस्परांशी जोडणारे रस्ते नाहीत. प्रवास मुख्यतः विमानाने होतो. इकालुइट ही प्रदेशाची राजधानी आहे.

येथील विधिमंडळात राजकीय पक्ष नाहीत. निवडून आलेले सदस्य गुप्त मतदानाने आपल्यातूनच पंतप्रधान आणि मंत्री निवडतात. उरलेले सदस्य मंत्र्यांना प्रश्न विचारून शासनावर लक्ष ठेवतात. पक्षाचे पाठबळ नसल्यामुळे प्रत्येक सदस्य आपल्या वस्तीचाच आवाज असतो. म्हणूनच कोणती वस्ती कोणत्या मतदारसंघात मोडते, या बाबीला येथे विशेष महत्त्व आहे.

सीमा कशा ठरतात?

मतदारसंघांच्या सीमांचा आढावा घेण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला जातो. तो लोकांचे म्हणणे ऐकून शिफारशी करतो आणि अंतिम निर्णय विधिमंडळ घेते. १९९९ मध्ये सदस्यसंख्या १९ होती. २०१३ च्या निवडणुकीपासून ती २२ झाली. त्यापूर्वी कुगारुक आणि रिपल्स बे (आजचे नौजात) या दोन वस्त्या वेगवेगळ्या प्रशासकीय विभागांत असूनही त्यांचा मतदारसंघ एकच होता. २०१३ मध्ये त्या वेगळ्या करून प्रत्येकीला आपल्याच विभागातील शेजारच्या वस्तीशी जोडण्यात आले.

तरीही अडचण संपत नाही. कुट्टिक्टुक मतदारसंघात आर्क्टिक बे, रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड या तीन वस्त्या आहेत. त्या तीन निरनिराळ्या बेटांवर वसल्या आहेत. २०२१ मध्ये आर्क्टिक बेची लोकसंख्या ९९४, रेझोल्यूटची १८३ आणि ग्रीस फिओर्डची १४४ होती. तिन्ही मिळून १,३२१ होतात. प्रदेशाची सरासरी मात्र प्रत्येक सदस्यामागे सुमारे १,६७५ आहे. राजधानीतील नागरिक म्हणेल, "माझ्या मताचे वजन कमी का?" ग्रीस फिओर्डचा रहिवासी उत्तर देईल, "राजधानी माझ्यापासून दीड हजार किलोमीटर दूर आहे. माझा सदस्यही गेला, तर माझे गाऱ्हाणे कोण मांडणार?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सस्कॅचेवान प्रांताच्या प्रकरणात या पेचावर दिशा दाखवली. मतदानाच्या हक्काचा हेतू संख्येची काटेकोर समानता हा नसून प्रभावी प्रतिनिधित्व हा आहे, असे न्यायालयाने म्हटले. मतांची समानता ही पहिली अट होय. परंतु भौगोलिक स्थिती, समाजाचा इतिहास आणि अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व यांचाही विचार करता येतो. भारतातही लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ मध्ये केवळ ६४,४७३ असूनही त्याला लोकसभेत एक जागा आहे.

कर्मचाऱ्यांच्या निवासाचा प्रश्न

दूरच्या वस्तीत शाळा आणि दवाखाना चालवायचा, तर शिक्षक आणि परिचारिका हव्यात. त्यांना राहण्यास घर हवे. लहान वस्त्यांत भाड्याची खाजगी घरे जवळजवळ नसतातच. त्यामुळे शासनालाच कर्मचाऱ्यांसाठी निवासस्थाने पुरवावी लागतात. जमीन बारमाही गोठलेली असल्याने बांधकाम कठीण व खर्चिक होते. बांधकामाचे जड साहित्य उन्हाळ्यातील अल्प काळात जहाजाने येते. जहाज चुकले, तर बहुधा पुढील वर्षाची वाट पाहावी लागते. घर नसेल तर नेमणूक रखडते आणि वर्गात शिक्षक येत नाही.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला नोकरीबरोबर घर मिळते. स्थानिक कर्मचारी मात्र पुष्कळदा नातलगांच्या गर्दीच्या घरातच राहतो. शासकीय नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येइतके व्हावे, असे त्यांच्या भूमिकराराचे उद्दिष्ट आहे. घरांच्या वाटपात स्थानिकांना डावलले गेल्यास ते उद्दिष्टही दूर जाते. घरांचा एकूण तुटवडा कमी करण्यासाठी २०२२ मध्ये तेथील शासनाने २०३० पर्यंत ३,००० नवी घरे उभारण्याची योजना जाहीर केली.

दोन प्रश्न, एक धागा

वरवर पाहता सीमारेषा कागदावरची आणि घर जमिनीवरचे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही प्रश्न एकाच धाग्याने बांधलेले आहेत. किती पदे रिक्त आहेत, किती निवासस्थाने कुलूपबंद आहेत, नवी घरे कोणत्या वस्तीत बांधणार, हे प्रश्न सभागृहात कोणीतरी उभे राहून विचारावे लागतात. एकाच सदस्यावर तीन बेटांचा भार असला, की सर्वांत लहान वस्तीचा प्रश्न मागे पडण्याची भीती असते. म्हणून सीमा आखताना केवळ किती लोक राहतात एवढेच नव्हे, तर त्यांचा आवाज कोठपर्यंत पोहोचतो, हेही पाहावे लागते. लहान वस्तीला मिळणारे प्रतिनिधित्व हा उपकार नसून तो नागरिकत्वाचा भाग आहे.

शब्दार्थ
पेच – अडचण, कोडे
गाऱ्हाणे – तक्रार
रखडणे – लांबणीवर पडणे
तथ्य – खरेपणा

स्वाध्याय
१. नुनावुतच्या विधिमंडळाचे वेगळेपण दोन वाक्यांत लिहा.
२. 'प्रभावी प्रतिनिधित्व' म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. राजधानीतील नागरिक आणि ग्रीस फिओर्डचा रहिवासी यांच्यापैकी कोणाचे म्हणणे आपणांस अधिक पटते? सकारण लिहा.
४. आपल्या परिसरातील शाळेत किंवा दवाखान्यात कर्मचाऱ्यांच्या निवासाची कोणती सोय आहे, याची माहिती मिळवून आठ ओळी लिहा.