‘चेरी पाय’ : एक पक्वान्न व एक विषारी वनस्पती

इंग्रजी भाषेत ‘चेरी पाय’ या एकाच नावाने दोन सर्वस्वी भिन्न वस्तू ओळखल्या जातात. पहिली खाण्याची. मैदा व लोणी यांची पारी थाळीत पसरून तीत आंबट चेरी व साखर यांचे सारण भरतात, वर पारीच्याच पट्ट्यांची जाळी घालतात व भट्टीत भाजतात. करंजी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना सहज येईल. मात्र हा पदार्थ तळीत नाहीत. अमेरिकेतील मिशिगन राज्य अशा आंबट चेरीबद्दल प्रसिद्ध आहे. चेरीच्या झाडास हिवाळ्यात कडक थंडी लागते. भारतात चेरी काश्मीर व हिमाचल प्रदेशात पिकते.

दुसरी वस्तू म्हणजे हेलिओट्रोप हे बागेतील फुलझाड. हे मूळचे पेरू देशातील. १८ व्या शतकात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ द जुसिय यांनी त्याचे बी पॅरिसला धाडले. त्याच्या जांभळ्या फुलांना गोड सुवास येतो व तो शिजलेल्या चेरीची आठवण करून देतो. त्यावरून हे नाव पडले.

नाव खाऊचे असले तरी हे झाड खाण्याचे नव्हे. त्यात पायरोलिझिडीन वर्गातील विषारी अल्कलॉइडे असतात व ती यकृताचा हळूहळू नाश करतात. लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे जनावर कशाने खंगले हे मालकास पुष्कळदा उमगतच नाही.

याच कुळातील भुरुंडी आपल्या ओलसर पडीक जमिनीत व बांधावर उगवते. तिचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असून त्यावर बारीक फिकट निळी फुले एकाच बाजूस येतात. तिच्यातही हीच विषे आहेत. वाळल्यानेही ती नष्ट होत नाहीत. म्हणून वैरणीतून भुरुंडी वेचून काढावी.

धान्याची गोष्ट याहून गंभीर आहे. १९७० नंतरच्या दशकात वायव्य अफगाणिस्तानात हेलिओट्रोपच्या एका रानटी जातीचे बी गव्हात मिसळले गेले. त्या गव्हाची रोटी खाऊन शेकडो माणसांना यकृतविकार व जलोदर झाला आणि अनेक दगावली. भाजल्याने विष गेले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. यास्तव ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंस भुरुंडी प्रत्यक्ष दाखवावी, ती फुलावर येण्यापूर्वीच उपटून टाकण्यास सांगावे व खळ्यावरील धान्य चाळून घेण्याचा आग्रह धरावा.