गिटारच्या अॅम्प्लिफायरचे कापड बदलताना



आपल्या गायकवृंदाच्या अॅम्प्लिफायरवरचे कापड फाटले आहे. सोलापुरी चादरीचा तुकडा लावावा, असे काहींनी सुचवले. चादर टिकेल खरी. पण तिची वीण दाट. दाट कापडात उंच स्वर आधी अडतात, आवाज दबका येतो आणि मागच्या बाकांवर बसलेल्यांना सूर धरता येत नाही. म्हणून विरळ विणीचे, ताण सोसणारे कापड घ्यावे. परीक्षा सोपी आहे: कापड तोंडाशी धरून फुंकर मारावी, हवा सहज पलीकडे गेली पाहिजे.

काम असे करावे:

१. प्लग काढावा. आतील विजेच्या भागांना हात लावू नये. प्लग काढल्यावरही तेथे वीज साठलेली असू शकते.

२. कापडाची चौकट काढावी. कापड स्पीकरच्या फळीवरच असेल, तर तारांची अधिक-उणे खूण लिहून स्पीकर उतरवावा. त्याच्या कागदी पडद्याला पेचकस लागू देऊ नये.

३. जुन्या पिना पकडीने काढाव्यात. नवे कापड चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त ठेवावे.

४. आधी चारही बाजूंच्या मध्यावर पिना माराव्यात, मग कोपऱ्यांकडे सरकावे. म्हणजे वीण सरळ राहते. कापड सैल राहिल्यास फडफडते.

कापडाची कामे दोन: पडद्याचे रक्षण करणे आणि आवाजाला वाट देणे. रक्षणाच्या नादात वाटच अडवली, तर ते कापड कितीही टिकाऊ असले तरी उपयोगाचे नाही.

युवकांनी शनिवारी सरावाआधी पेचकस व पकड घेऊन यावे.

आपला,
धर्मगुरू