आधी मांड, मग लगाम

चि. मनूस,


रिकिबी काढून, लगाम हाती न देता, घोड्यावर बसवून लांब दोरावर नुसतं गोल फिरवतात, ही तुझी तक्रार कळली. मी तुझ्या शिक्षकांच्या बाजूचा आहे. दुडक्या चालीत घोड्याची पाठ स्वाराला पावलागणिक उसळवते. मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, कच्ची असली की तोल जातो, आणि हात सापडेल त्याला लटकतो. हाताशी असतो लगाम. त्याची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात, पुढचे दात नि दाढा यांच्यामधल्या बिनदाती जागेवर टेकलेली असते. तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर तेवढा. तुझा गेलेला तोल त्या मुक्या जिवाला कळ होऊन पोचतो आणि त्याने मान उडवली की अडेलपणाचा ठपका मात्र त्याच्यावर! व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवे स्वार दीर्घकाळ असेच दोरावर, बिनरिकिबीचे बसतात.

घोडा ताकदीनेच आवरतो, असं तू म्हणशील. पण डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांना 1944 साली पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायलाही त्यांना आधार लागे. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं, तेही पुरुषांच्या बरोबरीने एकाच स्पर्धेत. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. टाच मारणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांचं बोलणं घोड्याला पाठीतून, मांड्यांतून, वजनाच्या सूक्ष्म बदलातून कळत होतं. अंगावर बसलेली माशी ज्याला जाणवते आणि जो तेवढीच कातडी थरथरवून ती उडवतो, त्याला तुझं कंबर वळवणं कळणार नाही का?

अडथळ्यांवरच्या उड्यांत स्वार खोगिरावरून उचललेलाच असतो, मग मांड कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पण पूर्वी स्वार उडीत मागे रेलत आणि लगामाला ओढ बसे. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली यांनी वजन पुढे घ्यायला आणि हात मानेबरोबर जाऊ द्यायला शिकवलं. खोगिराला न टेकता, लगामाला न लटकता तोल सांभाळणं ही मांड पक्की करण्याचीच पुढची पायरी.

एक मात्र शिक्षकांना जरूर सुचव. सतत लहान वर्तुळात फिरून घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो, तेव्हा दिशा वरचेवर बदलावी आणि फेऱ्या आटोपत्या ठेवाव्यात. हेल्मेट कधीच काढू नकोस. आणि संथ चालीत डोळे मिटून बघ : मागचा डावा पाय नेमका केव्हा उचलला जातो, हे तुला बैठकीतून सांगता येतं का? येऊ लागलं की कळव.

तुझा,
काका